मोटारीच्या काळ्या काचा आणि कायदा



मोटारीच्या काचेसारखा विषय एका निवृत्त शाळामास्तरानें बोलावयास घ्यावा, याचें तुमच्यापैकीं कित्येकांना नवल वाटेल. माझ्याजवळ मोटार नाहीं. ती मला चालवितांही येत नाहीं. कायद्याचा अभ्यास म्हणाल, तर मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. परंतु गेल्या वर्षीं दोन लहान प्रसंग असे घडले कीं, त्यांनीं मला हा विषय शिकावयास भाग पाडलें; आणि आपण जें शिकलों तें चार जणांना सांगितल्यावांचून मास्तराला चैन पडत नाहीं, हें आपण जाणतांच.

पहिला प्रसंग पुण्यांतला. माझ्या भाच्यानें चैत्रांत गाडी घेतली. उन्हाचा ताप असा कीं, दुपारीं गाडींत बसणें म्हणजे भट्टींत बसणें. मींच त्याला म्हटलें, "अरे, काचांना ती काळी फिल्म लावून घे. आंत थंडही राहील आणि येणाराजाणारा डोकावणार नाहीं." भाच्यानें मामाचा शब्द मोडला नाहीं. दुकानदारानें तासा-दीड तासांत चारही दारांच्या काचांना फिल्म चिकटवून दिली. गाडीला कसें भारदस्त रूप आलें, असें मला त्या वेळीं वाटलें.

पुढें श्रावणांतल्या एका सायंकाळीं आम्ही दोघे घरीं परतत होतों. पाऊस रिमझिमत होता. रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते. मी पुढें, भाच्याच्या डाव्या हाताला बसलों होतों. गल्लींत डावीकडे वळावयाचें होतें. त्यानें विचारलें, "मामा, डावीकडे कोणी आहे का हो?" मीं काचेंतून पाहिलें आणि सांगितलें, "कोणी नाहीं. घे." त्यानें गाडी वळविली, आणि त्याच क्षणीं एक सायकल आमच्या दारावर येऊन आदळली. बारा-तेरा वर्षांचा मुलगा होता. सुदैवानें गाडीला वेग नव्हता. त्याचा गुडघा खरचटला आणि दप्तर चिखलांत पडलें, यापलीकडे कांहीं झालें नाहीं. मीं खालीं उतरून त्याला उठविलें. तो रडला नाहीं. तो एवढेंच म्हणाला, "आजोबा, मीं हात केला होता. मला वाटलें, तुम्हीं पाहिलें."

दुसरा प्रसंग त्यानंतर चारच दिवसांनीं घडला. एका चौकांत वाहतूक पोलिसानें गाडी थांबविली, काचेवरून बोट फिरविलें आणि तो म्हणाला, "काका, काळी फिल्म आहे. दंड होईल, आणि ही काढावी लागेल." खरें सांगावयाचें तर त्या मुलाची आठवण ताजी असूनही माझा मास्तरी ताठा जागा झाला. मीं विचारलें, "हवालदारसाहेब, किती काळी म्हणजे काळी? मोजलें कशानें?" मोजण्याचें साधन त्याच्याजवळ नव्हतें. तेवढ्यांत आमच्याहूनही काळ्या काचांची एक गाडी, कसलीशी पाटी मिरवीत, आमच्या शेजारून निघून गेली. तिला कोणी हात केला नाहीं. आम्ही दंड भरला, पावती घेतली, आणि मनांत राग धरून घरीं आलों.

राग शांत झाल्यावर मात्र मीं स्वतःला विचारलें: कायदा काय आहे, हें आपणांस ठाऊक आहे काय? ठाऊक नव्हतें. मग नियम मिळवून वाचले. त्यांतून जें समजलें, तें आज आपल्यापुढें ठेवितों.

आपल्या देशांत मोटारींच्या बांधणीविषयीं जे नियम आहेत, त्यांना केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ असें म्हणतात. त्यांतील १०० वा नियम काचांसंबंधीं आहे. त्याचा मथितार्थ असा: गाडीच्या पुढच्या आणि मागच्या मोठ्या काचेंतून बाहेरच्या प्रकाशाचा निदान शेंकडा ७० भाग आरपार गेला पाहिजे, आणि बाजूच्या खिडक्यांच्या काचांतून निदान शेंकडा ५० भाग गेला पाहिजे. काच बसवितांना तर तें पाहावयाचेंच; परंतु ती पुढेंही त्याच स्थितींत राखली पाहिजे, असें नियम म्हणतो. म्हणजे कारखान्यांतून आलेली काच थोडी हिरवट किंवा करडी असेल तर तो गुन्हा नव्हे. रंगाला बंदी नाहीं. प्रकाश किती अडतो यावर बंधन आहे.

हे आंकडे वाचून मला वाटलें कीं, भाच्याच्या फिल्मेंत असें काय मोठें चुकलें? दुकानदार तर म्हणाला होता, "पन्नास टक्क्यांची फिल्म आहे, कायद्यांत बसते." येथेंच सामान्य मनुष्य फसतो, आणि येथेंच शाळेंतलें अंकगणित उपयोगी पडतें.

समजा, शंभर मुलें एका परीक्षेला बसलीं. त्यांपैकीं शेंकडा ७५ उत्तीर्ण झालीं. या पंचाहत्तरांनाच दुसऱ्या परीक्षेला बसूं दिलें आणि तींत निम्मीं उत्तीर्ण झालीं. शेवटीं किती उरलीं? पन्नास नव्हे, साडेसदतीस. प्रकाशाचेंही असेंच आहे. आजकालच्या गाड्यांची काच उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून मुळांतच किंचित् रंगीत असते. पुष्कळ गाड्यांच्या काचेंतून शेंकडा ७५ च्या आसपास प्रकाश आंत येतो. तिच्यावर पन्नास टक्क्यांची फिल्म चिकटविली कीं, आंत येतो तो साडेसदतीस. फिल्मेच्या वेष्टनावर पन्नास हा आंकडा खराच छापलेला असेल; पण तो एकट्या फिल्मेचा असतो, काच आणि फिल्म मिळून होणारा नव्हे. बाजूच्या अशा काचेवर फिल्म लावून पन्नासाची मर्यादा राखावयाची, तर फिल्म निदान ६७ टक्क्यांची हवी. पुढच्या काचेला सत्तराची मर्यादा राखावयाची, तर ती ९३ टक्क्यांहूनही अधिक पारदर्शक हवी; म्हणजे जवळजवळ नुसती स्वच्छ काचच!

आतां दुसरें गणित पाहूं. तें मला पहिल्याहून महत्त्वाचें वाटतें. गाडींत बसलेला मनुष्य बाहेर पाहतो, तेव्हां बाहेरचा प्रकाश काचेंतून एकदांच येतो. परंतु बाहेरचा मनुष्य आंत पाहतो, तेव्हां काय होतें? बाहेरचा प्रकाश काचेंतून आंत जातो, आंतील माणसाच्या चेहऱ्यावर पडतो, आणि तेथून परत फिरून पुन्हां त्याच काचेंतून बाहेर येतो. काच त्याच्याकडून दोनदां जकात घेते. काच शेंकडा ५० ची असेल, तर शंभरांतले पंचवीस भाग परत येऊं शकतात. फिल्म लावून ती शेंकडा १५ ची झाली असेल, तर सवादोन! आणि चेहरा कांहीं सगळाच प्रकाश परत पाठवीत नाहीं. तो थोडासाच पाठवितो. उलट, काचेच्या पृष्ठभागावरून आकाशाचा आणि दिव्यांचा जो प्रकाश आरशासारखा उलटतो, तो शेंकडा चार ते आठ भाग असतो. म्हणून काळ्या काचेकडे पाहणाऱ्याला आंतला मनुष्य दिसत नाहीं. त्याला स्वतःचीच छाया आणि मागचें आकाश दिसतें.

कोणी म्हणेल, "हेंच तर आम्हांला हवें आहे. आम्हांला बाहेरचें दिसावें, बाहेरच्यांना आम्ही दिसूं नये." घरच्या खिडकीच्या बाबतींत ही इच्छा रास्त आहे. पण रस्त्यावरची गाडी म्हणजे घर नव्हे. रस्ता ओलांडणारी वृद्ध बाई, सायकलवरचा मुलगा, चौकांतला हवालदार, हे सारे गाडीच्या आधीं गाडी चालविणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत असतात. त्याचें लक्ष आपल्याकडे आहे कीं नाहीं, हें पाहून ते पाऊल पुढें टाकतात किंवा मागें घेतात. हा रस्त्यावरचा अलिखित करार आहे, आणि तो डोळ्यांनीं होतो. काच काळी केली कीं या कराराचा एक पक्ष पडद्याआड जातो. मागून येणाऱ्या वाहनालाही पुढच्या गाडीच्या मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही काचांतून पलीकडचा रस्ता थोडाबहुत दिसत असतो. सत्तरांश प्रकाशाच्या दोन काचांतून ४९ भाग तरी त्याच्यापर्यंत पोंचतात. पुढचा गतिरोधक, पुढें थांबलेला टेंपो त्याला आधीं कळतो. मागची काच काळी झाली, तर तेंही बंद पडतें.

आंतून पाहणाऱ्याचें तरी नुकसान होत नाहीं काय? भर उन्हांत फारसें होत नाहीं. कारण तेव्हां प्रकाश एवढा विपुल असतो कीं, त्यांतला बराचसा गेला तरी पुरतो. पण सायंकाळीं, पावसांत, धुक्यांत, रात्रीं प्रकाशाची मुळांतच चणचण असते. तेव्हां ओल्या रस्त्यावरचा काळा रेनकोट घातलेला सायकलवाला हा काळ्यावर काळें असा प्रकार होतो. त्यांत वयाचाही भाग आहे. वय वाढतें तसतशी डोळ्याची बाहुली पूर्वींइतकी मोठी होत नाहीं आणि आंतलें भिंग पिवळट व धुरकट होत जातें. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत, विशीच्या तरुणाच्या मानानें, एक-तृतीयांशाच्या आसपासच प्रकाश पोंचतो. त्या सायंकाळीं माझ्या भाच्यानें विचारलें कोणाला? साठी उलटलेल्या मामाला! आणि त्या मामानें पाहिलें कशांतून? स्वतःच लावविलेल्या काळ्या फिल्मेंतून! मुलाचा उंचावलेला हात मला दिसला नाहीं यांत नवल नाहीं. नवल हें कीं, मीं छातीठोकपणें "कोणी नाहीं" असें सांगितलें. अंधुक दिसतें तेव्हां मनुष्य "मला दिसत नाहीं" असें म्हणत नाहीं. तो "तेथें कोणी नाहीं" असें म्हणतो.

आतां न्यायालयाकडे वळूं. नियम १९८९ चा असला तरी देशभर काळ्या फिल्मांचा सुळसुळाट होता. अखेर एका नागरिकानें लोकहितार्थ सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. त्यावर २७ एप्रिल २०१२ रोजीं सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया आणि इतर दोन न्यायमूर्ति यांच्या पीठानें निकाल दिला. न्यायालयाचें म्हणणें असें: नियम सांगतो तो काचेविषयीं, काच घडवितांनाच ती इतकी पारदर्शक असावी, असा त्याचा अर्थ आहे. मागाहून काचेवर कांहीं चिकटविण्याची मुभा नियम देत नाहीं. म्हणून कितीही टक्क्यांची असो, काळी फिल्म किंवा दुसरा कोणताही पदार्थ गाडीच्या काचांवर लावावयाचा नाहीं. हा आदेश ४ मे २०१२ पासून साऱ्या देशांत लागू झाला. झेड आणि झेड प्लस दर्जाचें संरक्षण ज्यांना आहे, अशा मोजक्या व्यक्तींच्या गाड्या तेवढ्या त्यांतून वगळल्या. फिल्म तयार करणाऱ्यांच्या वतीनें आदेश सौम्य करण्याची विनंति झाली. ती ३ ऑगस्ट २०१२ रोजीं न्यायालयानें नाकारली, आणि पोलिसांनीं नुसता दंड करून न थांबतां फिल्म काढवावी, असेंही बजावलें.

न्यायालयापुढें केवळ अपघातांचा प्रश्न नव्हता. काळ्या काचांआड होणाऱ्या गुन्ह्यांचाही होता. त्याच वर्षीं १६ डिसेंबरला दिल्लींत एका चालत्या बसमध्यें एका तरुणीवर जो अत्याचार झाला, त्यानें सारा देश हादरला. त्या बसच्या खिडक्यांना काळ्या काचा आणि पडदे होते. न्यायालयाचा आदेश निघून त्या वेळीं सात महिने होऊन गेले होते. आदेश कागदावर होता. बस रस्त्यावर होती. कायदा असणें आणि कायदा चालणें या दोन गोष्टींत किती अंतर पडूं शकतें, याचें याहून दारुण उदाहरण मला आठवत नाहीं.

येथें परदेशाशीं एक तुलना केली तर आपल्या नियमाचें वैशिष्ट्य ध्यानांत येईल. इंग्लंडमध्यें पुढची काच आणि चालकाच्या दोन्ही बाजूंच्या पुढच्या खिडक्या यांवर कडक मर्यादा आहे. परंतु मागच्या खिडक्या हव्या तितक्या काळ्या असल्या तरी चालतात. तेथील नियमाचा मुख्य कटाक्ष चालकाच्या दृष्टीवर आहे. आपला नियम मागच्या खिडक्यांनाही तीच मर्यादा घालतो. चालकाला बाहेरचें दिसावें, एवढ्यावर तो समाधान मानीत नाहीं. बाहेरच्यालाही आंतलें दिसावें, असा त्याचा परिणाम होतो.

यानंतर नियमांत एक फरक झाला. २०२० सालीं केंद्र सरकारनें १०० व्या नियमांत दुरुस्ती केली. ती १ एप्रिल २०२१ पासून अमलांत आली. पूर्वीं नियमांत केवळ सुरक्षा-काचेचा उल्लेख होता. आतां तिच्या जोडीला 'सेफ्टी ग्लेझिंग' हा शब्द आला. आंतल्या बाजूस प्लास्टिकचा थर असलेली काचही त्यांत मोडते. मात्र सत्तर आणि पन्नास हे आंकडे जसेच्या तसे राहिले. या दुरुस्तीच्या आधारानें सप्टेंबर २०२४ मध्यें केरळच्या उच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, काच आणि फिल्म मिळून सत्तर व पन्नास या मर्यादा पाळल्या जात असतील, तर तशी फिल्म लावणाऱ्या वाहनमालकाला दंड करतां येणार नाहीं. हा निर्णय केरळांत बंधनकारक आहे. इतर राज्यांतील न्यायालयांना तो मार्गदर्शक ठरूं शकतो, पण तेथील पोलिसांच्या हातीं २०१२ चा आदेशच आहे. तेव्हां "केरळांत चालतें" असें चौकांतल्या हवालदाराला सांगून महाराष्ट्रांत सुटका होईल, या भ्रमांत कोणी राहूं नये. शिवाय केरळांतही काळीकुट्ट फिल्म चालत नाहीं. मर्यादेंतलीच चालते, हें विसरतां कामा नये.

या दोन निर्णयांतला फरक पोलिसाच्या बाजूनें पाहिला तर उद्बोधक वाटतो. २०१२ चा आदेश अमलांत आणावयास सोपा आहे. फिल्म आहे कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें. तें काचेच्या कडेवरून बोट फिरविलें तरी कळतें. माझ्या हवालदारानें केलें तें हेंच. त्याला मोजण्याच्या साधनाची गरजच नव्हती, आणि माझा प्रश्न कितीही ऐटदार असला तरी गैरलागू होता, हें मला मागाहून समजलें. याच्या उलट, मर्यादेंतल्या फिल्मेला मुभा द्यावयाची, तर रस्त्यावर मोजमाप आलें. काचेच्या एका बाजूस दिवा व दुसऱ्या बाजूस प्रकाश टिपणारा डोळा ठेवून शेंकडा आंकडा सांगणारें लहानसें यंत्र असतें. मुभा द्यावयाची तर तें प्रत्येक चौकांत हवें, आणि तें बरोबर दाखवितें कीं नाहीं याची वेळोवेळीं तपासणीही हवी. नुसत्या नजरेनें असा निवाडा होऊं शकत नाहीं. भर दुपारीं बाहेरच्या झगझगाटामुळें साधी काचही काळी भासते. कारखान्यांतून आलेल्या किंचित् रंगीत काचेच्या गाड्याही कधीं कधीं विनाकारण थांबविल्या जातात, त्याचें कारण हेंच.

मग वाहनचालकानें काय करावें? पहिली गोष्ट, चौकांत हुज्जत घालूं नये. गाडीची काच कारखान्यांतली असेल आणि तिच्यावर कांहीं चिकटविलेलें नसेल, तर तसें शांतपणें सांगावें आणि काचेच्या कोपऱ्यांत उमटविलेली खूण दाखवावी. दुसरी गोष्ट, दंड भरावयाचा तर त्याची पावती अवश्य घ्यावी. पावतीवांचून दिलेला पैसा हा दंड नव्हे. तो कशांत जमा होतो हें सर्वांना ठाऊक आहे, आणि तो देणाराही घेणाऱ्याइतकाच दोषी असतो. तिसरी गोष्ट, आपली चूक नाहीं अशी खात्री असेल, तर जागच्या जागीं तडजोडीचा दंड भरण्याची सक्ति कोणी करूं शकत नाहीं. प्रकरण न्यायाधीशापुढें नेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मोटार वाहन कायद्याच्या १७७ व्या कलमाखालीं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या अपराधाला ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक अपराधाला १,५०० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

आणि पोलिसांनीं काय करावें? त्यांना उपदेश करण्याचा माझा अधिकार नाहीं. परंतु चाळीस वर्षें वर्ग सांभाळलेल्या माणसाला एक अनुभव सांगतां येईल. वर्गांत शिक्षा कडक आहे म्हणून मुलें कधीं बिघडत नाहींत. ती सर्वांना सारखी नाहीं असें दिसलें कीं बिघडतात. पाटलाच्या मुलाला सोडून दिलें आणि गुरवाच्या मुलाला छडी मारली, कीं त्या दिवसापासून छडीचा धाक राहतो, पण आदर जातो. माझ्या शेजारून जी पाटी लावलेली गाडी निघून गेली, तिनें मला माझा अपराध विसरावयास लावला. मला दंड झाला यापेक्षां तिला झाला नाहीं, हेंच माझ्या मनांत घर करून बसलें. संरक्षणाच्या कारणानें ज्यांना सूट आहे ते मोजके. बाकी पाटी कसलीही असो, तिच्यामागची काच इतरांसारखीच तपासली गेली पाहिजे. तसें झालें तर माझ्यासारख्या शंभर माणसांच्या हुज्जतीला जागाच उरणार नाहीं.

शेवटीं प्रश्न राहतो तो उन्हाचा. कारण त्यांतूनच ही सारी हकीकत निघाली. आपल्याकडे वैशाखांतली दुपार ही कांहीं कल्पनेची गोष्ट नव्हे. परंतु ताप आणि उजेड या दोन वस्तु एक नव्हेत. सूर्याकडून जी उष्णता आपणांस मिळते, तिचा जवळजवळ निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचा असतो. ते अदृश्य किरण अडविणारी आणि उजेड मात्र येऊं देणारी काच बनवितां येते, आणि कांहीं गाड्यांना ती कारखान्यांतूनच बसविलेली येते. गाडी घेतांना रंगाची चौकशी आपण दहा वेळां करतों. काचेची एकदां केली तर पुष्कळ काम होईल. त्वचेची काळजी असणाऱ्यांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, पुढची मोठी काच दोन काचांमध्यें प्लास्टिकचा थर दाबून केलेली असते, आणि तो थर अपायकारक जंबुपार किरण बहुतेक सारे अडवितो. बाजूच्या साध्या काचा ते तितके अडवीत नाहींत. त्या बाजूस बसणाऱ्यानें पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, किंवा पदर अथवा ओढणी घ्यावी.

गाडी सावलींत उभी करावी. उभ्या गाडींत पुढच्या काचेमागें पांढरा किंवा चकचकीत पडदा लावावा आणि निघतांना तो काढून ठेवावा. तापलेल्या गाडींत बसतांना आधीं दोन मिनिटें सारीं दारें उघडीं ठेवून आंतली कढत हवा जाऊं द्यावी, आणि मग थंडावा देणारें यंत्र सुरू करावें. माझ्या भाच्यानें फिल्म काढून टाकली, त्यानंतरचा उन्हाळा आम्ही याच उपायांवर काढला. गाडी पूर्वींइतकी भारदस्त दिसत नाहीं, आणि दुपारीं थोडा घामही येतो. पण त्यानें कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं.

फिल्म काढल्यावर कांहीं दिवसांनीं आम्ही पुन्हां त्याच गल्लीच्या तोंडाशीं आलों. सायंकाळच होती. भाच्यानें विचारलें, "मामा, डावीकडे?" एक सायकलवाला येत होता, तो मुलगा नव्हे, दुसराच कोणी. त्यानें आमच्याकडे पाहिलें. मीं त्याला हातानें "जा" अशी खूण केली. त्यानें मान हलविली आणि तो पुढें निघून गेला. मग आम्ही वळलों.